आमच्या वाट्याला आलेला समुद्र

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून जन्म गेला. तिथल्या पंपांच्या आवाजात ओरडल्याशिवाय कोणाला काही ऐकू जायचं नाही, आणि निवृत्त झाल्यावर ओरडायला फक्त घर उरलं. घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न होऊन राजुऱ्याला गेली. बायको गावातल्याच शाळेत शिकवते. सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणतो. मला गाव भाऊ म्हणतं, तोंडावर तरी. गाव माजरीपासून फार लांब नाही. एका अंगाला कापसाची नि सोयाबीनची वावरं, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी.

एका संध्याकाळी बाई चंद्रपूरची मीटिंग आटपून आली आणि चपला काढायच्या आधीच ओसरीवर बसून हसायला लागली. हसू काही आवरेना. मग हळूहळू कळलं ते असं. समुद्रकिनाऱ्याकडच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या शाळांसाठी निसर्ग वाचवायची मोहीम काढली होती. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जंगल, नदी, तलाव, माळरान, ज्या शाळेला जे निघेल त्याच्यासाठी तिनं आपल्या गावात काम करायचं. नंतर परीक्षक येऊन पाहणार, आणि ज्यांचं काम पसंत पडेल त्या पोरांना कोकणात नेऊन कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवणार. बाईनं डब्यात हात घातला आणि समुद्र निघाला. सगळं सभागृह हसलं म्हणे. ताडोब्याच्या बाजूच्या एका मास्तरला जंगल निघालं होतं, त्यानं तर बाईला चहा पाजून धीर दिला.

मी म्हटलं, बदलून घ्यायची की चिठ्ठी. आपल्या पोट्ट्यांनी नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही, ते समुद्र काय कपाळ वाचवणार? बाई म्हणाली, आली ते आली. आणि पदर खोचून चहा ठेवायला गेली. ती पदर खोचते तेव्हा मी वाद घालत नाही.

गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच. तरुणपणी तो ट्रक घेऊन विशाखापट्टणमला जायचा. बाईनं त्याला वर्गात बोलावून मुलांपुढे उभं केलं. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी सांगितलं, की पाणी खारट असते आणि त्याले दुसरा काठच नाई. एवढं बोलून तो बसला. दुसरा काठच नाही, ही गोष्ट पोरांना इतकी आवडली की पुढचे कित्येक दिवस गल्लीबोळांत तेच ऐकू येत होतं.

बाईलाही समुद्र पाहायची फार हौस. लग्न झालं तेव्हापासून ती म्हणायची, एकदा कोकणात जाऊ. आणि मी तेव्हापासून टाळत आलो. माझ्याकडे एक पक्कं कारण होतं, कोणी काढून घेऊ शकणार नाही असं. महाराजांना भात कोण घालणार?

महाराज म्हणजे आमच्या विहिरीतलं कासव. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की तिच्यात कासव सोडायची रीत आहे. कासव पाण्यातली घाण खातं, पाणी गोड राहतं, आणि देवाचा अवतार घरात राहतो तो वेगळाच. आमची विहीर खोदली तेव्हा मी नुकताच खाणीत लागलो होतो. वडिलांनी मला नदीवर पाठवलं. एका ढिवरानं जाळ्यात आलेलं कासव दिलं, ते ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि मी घरी आणलं. तेव्हा ते भाकरीएवढं होतं. वडिलांनी हळदकुंकू लावून टोपलीतून खाली सोडलं आणि मला म्हणाले, "हे आहे तोपर्यंत विहीर जिवंत राह्यते. याले जपजो."

ते मी जपलं. वडील गेले, गावातल्या विहिरी उन्हाळ्यात एकेक करून तळ दाखवायला लागल्या, घरोघरी नळ आले, पण आमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी. लोक म्हणायचे, कासवाची पुण्याई. मीही तेच म्हणायचो. रोज सकाळी मी काठावर बसून रिकाम्या बादलीवर थाप मारायचो, आणि खालून महाराज वर यायचे. आधी नाक, मग डोकं. मी भाताची मूठ टाकायचो, कधी टमाटर, कधी घोंघे म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी. खाऊन झालं की महाराज कडेकडेनं एक फेरी मारायचे आणि परत खाली. खाणीत कोणाशी भांडण झालं असलं की मी त्यांना सगळं सांगायचो. साहेबांना दिलेल्या शिव्या महाराजांनी जेवढ्या ऐकल्या तेवढ्या साहेबांनी स्वतः ऐकल्या नसतील. माणसापाशी मोकळं होणं मला जमलं नाही कधी. तिथं जमायचं.

तर मोहीम सुरू झाली. बाईनं फळ्यावर आमची वर्धा नदी काढली. ती वैनगंगेला कुठं भेटते, मग प्राणहिता कशी होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत कशी जाते आणि गोदावरी समुद्रात कशी, हे सगळं खडूनं ओढत नेलं. मग तिनं पोरांना विचारलं, आपल्या नाल्यात काय पडलं आहे, ते पाहून या. पोरं गेली आणि टोपलं भरून खर्र्याच्या पन्न्या घेऊन आली.

खर्रा आमच्याकडचा माणूस सोडून कोणाला माहीत नसेल तर सांगतो. सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला पाटीवर घासून देतो. माणूस खातो नि पन्नी जिथं असेल तिथं सोडतो. पन्नी नाल्यात, नाला नदीत. आणि बाईनं पोरांना चित्रं दाखवली, की समुद्रातलं कासव अशा तरंगणाऱ्या पन्नीला जेलीफिश समजून गिळतं आणि मरतं. झालं. त्या दिवसापासून पोरांनी गावातल्या बाप्यांचं जगणं मुश्किल करून टाकलं. प्रत्येक पानठेल्यापाशी तेलाचा रिकामा पिपा, त्याच्यावर कासवाचं तोंड रंगवलेलं. कोणी पन्नी खाली टाकली की चार-दोन पोट्टे हजर.

मीही खर्रा खायचो. एकदा नाल्याच्या पुलावर सवयीनं पन्नी सोडली आणि चालायला लागलो. सातवीतली एक पोट्टी मागं लागली. वेणीला लाल रिबीन, आवाज पोलिसासारखा. मी दुर्लक्ष केलं. ती मागंच. मी ओरडलो, की तुझ्या बापापेक्षा मोठा आहे मी, जा घरी. ती काही घाबरली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमची पन्नी आंध्रात चालली."

खाली उतरलो, टोंगळ्याएवढ्या, गुडघाभर चिखलात गेलो नि पन्नी काढून आणली. पुलावर उभे असलेले दोघं-तिघं दात काढत होते, त्यांनाही मी सोडलं नाही, चांगला बोललो. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी पन्नी घडी करून खिशात ठेवायला लागलो. कपडे धुताना बाईच्या हाती त्या लागायच्या आणि ती काही न बोलता हसायची. तो हसण्याचा त्रास नको म्हणून पुढं खर्राच कमी झाला.

आठवडी बाजारात पोरं खेळ करून दाखवणार होती. त्यासाठी मोठं कासव पाहिजे होतं, आत पोरगं बसेल एवढं. बाईनं ते काम मला दिलं. समुद्री कासवाचा एक रंगीत फोटोही दिला. मी फोटो पाहिला. त्यातल्या कासवाचे पाय होडीच्या वल्ह्यासारखे लांब, नखं जवळजवळ नाहीतच. मला हसू आलं. पाण्यात फोटो काढला की हात-पाय लांबच दिसतात, एवढं कोणालाही कळतं. म्हटलं, मला कासव शिकवता काय? अर्धा जन्म कासवाशी बोलण्यात गेला माझा. फोटो खिळ्याला लटकवून ठेवला आणि सरळ विहिरीच्या काठावर जाऊन बसलो.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्यावर गोणपाट, त्यावर कागदाचा लगदा. हिरवा नि तपकिरी रंग. पायांना सायकलच्या तारांची नखं, अगदी महाराजांसारखी. पण खरी करामत मानेत होती. मोटारसायकलची जुनी क्लचवायर लावली. आतल्या पोरानं दांडी दाबली की मान सर्रकन पाठीखाली आत जायची, सोडली की हळूच बाहेर. मी ते स्वतः आत बसून कितीदा करून पाहिलं ते सांगत नाही. बाई दारातून पाहत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, की फोटोत असंच आहे ना? मी म्हटलं, याच्याहून चांगलं आहे.

बाजारात त्या कासवानं कहर केला. एक पोरगा काडीला बांधलेली पन्नी हवेत नाचवायचा, कासवाची मान बाहेर यायची, पन्नी गिळायची, मग कासव तडफडून उलथं पडायचं. पहिल्यांदा भाजीवाल्या बायांच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या वेळेस त्यांनी पोरांबरोबर ओरडायला सुरुवात केली, की गिळू नको, पन्नी आहे. म्हाताऱ्या बाया येऊन कासवाच्या पाठीला हात लावायच्या आणि तो हात कपाळाला. कोणीतरी हळदकुंकूही वाहिलं. पोरांनी प्लास्टिकच्या पिशव्या गोळा केल्या आणि बायांनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. मी मिरच्यांच्या ढिगामागं उभा राहून सगळं पाहत होतो. छाती नुसती फुगली होती माझी.

मग परीक्षकांचा दिवस आला. किनाऱ्यावरच्या संस्थेतर्फे एक ताई आल्या होत्या. समुद्रकाठच्या गावातल्या, कासवाच्या अंड्यांवर पहारा ठेवण्यात कित्येक वर्षं काढलेल्या. आमच्याकडचे पाहुणे म्हणून वनखात्याचे एक साहेब. शाळेच्या पटांगणात मंडप, खुर्च्या, चहा, पोहे. पोरांनी नदीचं गाणं म्हटलं, पिपे दाखवले, नाला दाखवला. नाला खरंच साफ होता, पाणी वाहताना दिसत होतं. ताई खूश. मग माझं कासव आलं. मान आत, मान बाहेर. सगळं पटांगण टाळ्या वाजवतंय आणि ताई तोंडावर रुमाल धरून हसतायत.

मला वाटलं, कौतुकाचं हसू. खेळ संपल्यावर त्या कासवाजवळ आल्या, पाठीवरून हात फिरवला आणि फार प्रेमानं म्हणाल्या की कासव अतिशय सुंदर झालं आहे, फक्त समुद्रातल्या कासवाला मान पाठीखाली ओढून घेता येत नाही. त्याची मान कायम बाहेरच. आणि पायांना अशी नखं नसतात, वल्ह्यासारखे पर असतात. हे तर नदी-तळ्यातलं कासव आहे. समुद्रात सोडलं तर बिचारं खाऱ्या पाण्यात जगणार नाही.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही. फोटो अजून घरी खिळ्याला लटकत होता.

ताईंनी सहज विचारलं, की इतकं हुबेहूब कशावरून बनवलं? आणि ती लाल रिबिनीवाली पोट्टी उठून उभी राहिली. तिला वाटलं, बाईची नि भाऊची लाज राखावी. मोठ्या अभिमानानं तिनं सांगितलं, "महाराजांले पाहून बनवलं. भाऊंच्या विहिरीत राह्यतात ते."

वनखात्याच्या साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

त्यानंतर सगळी वरात आमच्या घरी. ताई, साहेब, बाई, शाळा आणि शाळेच्या मागं अर्धं गाव. मी बादलीवर थाप मारली. वाटत होतं, आज नका येऊ. पण महाराज कसले ऐकतात! आले वर, नाक काढलं नि भाताची वाट पाहत बसले. साहेबांनी काठावरून वाकून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की भाऊ, असं कासव घरात किंवा विहिरीत ठेवायला कायद्यानं बंदी आहे. तुमच्यावर कारवाई वगैरे काही करायची नाही मला, रीत जुनी आहे, ते कळते. पण आमचे डॉक्टर येऊन तपासतील आणि मग त्याला नदीत सोडावं लागेल.

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, या विहिरीतून तुम्ही त्यांना नेऊन तर दाखवा. बापाची आण आहे मला. आणखीही बोललो. गावातल्या वाळलेल्या विहिरी एकेक करून दाखवल्या, की ही पाहा, नि ही पाहा, आणि आमची पाहा. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ताई मधे पडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, काय काय खातं हे? मी रागातच सांगितलं, भात, घोंघे, टमाटर. टमाटर जरा पिकलेलं लागते. त्या म्हणाल्या, फार माया लावली आहे तुम्ही. मला आणखीच राग आला, मी रिकामी बादली उचलून आत निघून गेलो.

ते गेल्यावर घरात दोन माणसं आणि अबोला. पोरांची मोहीम, आणि त्या मोहिमेचं कासव माझ्या विहिरीतून निघालं. ज्या पोरांनी गावाला शिकवलं की कासवाला त्याच्या पाण्यात सुखानं जगू द्या, त्यांच्या बाईच्याच घरी हे. मला ते समजत नव्हतं असं नाही. पण समजणं वेगळं नि महाराजांना देऊन टाकणं वेगळं. बाई मला एका शब्दानं बोलली नाही. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

डॉक्टर आले तेव्हा ताईही बरोबर होत्या, त्या चंद्रपुरात मुक्कामाला थांबल्या होत्या. मी साहेबांना बजावलं, तपासा, पण कासव परत विहिरीतच जाईल. उन्हाळ्यात गाळ काढताना मी करतो तसंच केलं. टोपलीत पिकलेलं टमाटर ठेवून दोर सोडला, महाराज आपल्या पायांनी आत चढले आणि मी त्यांना वर ओढलं. दर उन्हाळ्यात पाहायचो, पण ओसरीवर ठेवले तेव्हा डोळ्यांत भरलं, केवढे मोठे झाले होते. भाकरीचं परातीएवढं झालं होतं. उजेडात डोळे मिचकावत बसले.

डॉक्टरांनी उलटं-सुलटं करून पाहिलं, शेपटी पाहिली आणि सांगितलं की तब्येत उत्तम आहे. आणि हे महाराज नाहीत. मादी आहे.

माझ्या मागून बाईचा आवाज आला, "अगं बाई. म्हंजे इतकी वर्षं माही सवत होती का विहिरीत?"

सगळे इतके हसले की साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. मीसुद्धा हसलो. हसता हसताच ताईंनी मला एक प्रश्न विचारला. गाळ काढताना कधी पांढऱ्या गोट्या निघाल्या का?

निघायच्या की. दर उन्हाळ्यात निघायच्या. गोल, पांढऱ्या, मोठ्या कंच्यांसारख्या, काही फुटलेल्या. मी त्यांना चुनखडी समजायचो आणि घमेल्यात भरून वावराच्या बांधावर फेकून द्यायचो. एखाद्या वर्षी पोरीनं त्या खेळायलाही घेतल्या होत्या.

ताई म्हणाल्या, अंडी होती ती. मादीला अंडी घालायला माती लागते, खड्डा करायला कोरडी जमीन लागते. विहिरीत चारी बाजूंनी दगड. मग ती काय करणार? पाण्यातच सोडून द्यायची.

त्या हळू आवाजात बोलल्या, माझ्यावर ठपका ठेवल्यासारखं एक अक्षरही नाही. पण मला ओसरीवर बसवेना. उठून विहिरीपाशी गेलो नि खाली पाहिलं. ते कडेकडेनं फिरणं. मला वाटायचं, जेवून शतपावली करतात. ती दगडातून वाट शोधत होती. दर वर्षी, माझ्या डोळ्यांदेखत, मी वरून तिला खाणीतल्या साहेबांच्या चुगल्या सांगत असताना.

बाई मागून आली. मी तिला वडिलांचं बोलणं सांगितलं, तिला ठाऊक होतंच, तरी सांगितलं. हिला सोडलं आणि विहीर आटली तर? बाई म्हणाली, "विहिरीले पानी कासवानं नाई राह्यलं. तुमी दर वर्षी उतरून गाळ काढता. गावात दुसरं कोन काढते?"

इतक्या वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक तिनं पहिल्यांदा केलं. मी डोळे पुसले नि साहेबांना जाऊन सांगितलं, चला. पण पोत्यात घालून मीच नेईन.

मोटारसायकल होती, साहेबांची जीप होती. मी सायकल काढली. ओलं पोतं कॅरिअरवर बांधलं, तसंच, आणि निघालो. मागं जीप हळूहळू, जीपच्या मागं पोरं घोषणा देत. रस्त्यात तो समुद्र पाहिलेला ट्रकवाला भेटला, त्यानं विचारलं, भाऊ, कुठी? मी म्हटलं, लेकीला सासरी सोडायला. तोही आला मागं.

नदीला पाणी बेताचं होतं. पलीकडे वाळूचं रुंद पात्र आणि अलीकडे डोह. ज्या वळणावर ढिवरानं मला ती दिली होती, तिथंच उतरलो. पोतं सोडलं. ती वाळूवर थांबली, मान आत ओढून. मग मान बाहेर आली, वास घेतल्यासारखं केलं आणि ती उथळ पाण्यात उतरली.

आणि गोल फिरायला लागली.

काठ नव्हता, दगड नव्हते, चारी बाजूंना नदी होती. पण ती गोल फिरत होती. अगदी आमच्या विहिरीएवढं गोल. वळायची जिथं वळायची सवय होती तिथंच. कोणीतरी पोरगं खुदकन हसलं, बाईनं त्याच्याकडे पाहिलं, ते गप्प झालं. मला वाटलं, झालं, हिला विहीरच येते, दुसरं काही येत नाही, हिला परत न्यावं लागणार. आणि खरं सांगतो, मनातल्या मनात त्याचा आनंदही झाला.

मग ते गोल जरासं मोठं झालं. पुढचं त्याहून मोठं. एकदा ती वळायच्या जागी आली, थांबली, पंजानं समोरचं पाणी चाचपलं. तिथं काहीच नव्हतं. ती पुढं गेली. आणखी पुढं. डोहाच्या हिरव्या पाण्यात तिची पाठ थोडी दिसली आणि मग नाही दिसली.

पोरांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पलीकडचे बगळे उडाले. मी वाळूवर बसलो होतो. बाई शेजारी येऊन बसली. पायावरची वाळू झटकत म्हणाली, "आता सकाळचा भात कोनाले घालान?"

"कोनाले नाई," मी म्हटलं. "आता तुले समुद्र दाखवतो."

पहिला नंबर त्या जंगलवाल्या मास्तरच्या शाळेला गेला. आमचं कासव समुद्रातलं नव्हतं, त्याला कोण काय करणार? पण ताईंनी जाताना सांगितलं होतं, नंबर राहू द्या, तुम्ही पोरांना घेऊन आमच्या गावाला या, पिल्लं मी दाखवते. गावानं वर्गणी काढली, पालक तयार झाले, आणि पिल्लं निघायच्या दिवसांत आम्ही सातवीचा वर्ग घेऊन गेलो. रेल्वेत पोरांनी मला झोपू दिलं नाही. मी ओरडलो, कोणी ऐकलं नाही.

समुद्र पाहिला. ट्रकवाला खरं बोलला होता, दुसरा काठ नाही. पोरं काही वेळ नुसती उभी राहिली. मग लाल रिबिनीवालीनं पुढं होऊन बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सगळ्यांना जाहीर केलं, खारट आहे. ताईंनी टोपली आणली. पिल्लं हाताच्या तळव्याएवढीही नव्हती. वाळूवर ठेवल्याबरोबर त्यांनी ते वल्ह्यासारखे पाय मारायला सुरुवात केली, फोटोतल्यासारखेच, आणि निघाली. जन्मून थोडाच वेळ झालेला, पण एकानंही वाट विचारली नाही. लाट आली, गेली, पिल्लं तिच्याबरोबर गेली. पोरं त्यांना हात हलवून येजो म्हणत होती. बाई रडत होती आणि मला म्हणत होती, वाऱ्यानं डोळ्यांत वाळू गेली.

नंतर पोरं नाश्त्याला गेली. मी पॅन्ट वर दुमडून पाण्याच्या कडेनं फिरत राहिलो. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकते, मजा वाटते. थोडं चालायचो, वळायचो, परत यायचो, परत वळायचो. कितीतरी वेळ माझं असं चाललं होतं, मला पत्ताच नव्हता. बाई कोरड्या वाळूत चपला हातात घेऊन उभी होती.

"अवो," ती ओरडली, "सरळ जा ना. इथी विहीर नाई."

मी खाली पाहिलं. ओल्या वाळूत माझ्याच पावलांचं गोल उमटलं होतं, आमच्या अंगणाएवढं. मी तिला म्हटलं, तू पण चल. तिनं चपला तिथंच टाकल्या नि आली. मग आम्ही सरळ गेलो, बरंच लांब. येताना माझे टोंगळे दुखले, पण मी ओरडलो नाही.